सुतारानं कोरलेला सुतार

भोसरीच्या एमआयडीसीत फाउंड्रींना लाकडी पॅटर्न करून देणारी लहान लहान वर्कशॉप अजून टिकून आहेत. आत पाऊल टाकलं की आधी सागवानाच्या भुशाचा वास येतो, मग करवतीचा आवाज. भिंतीवर पटाशा मापाप्रमाणे ओळीनं लावलेल्या असतात, काही सरळ धारेच्या, काही नखासारख्या गोल. पंपाची बॉडी असो की गिअरबॉक्सचं झाकण, त्याचा आकार इथं आधी लाकडात घडतो. मग तो वाळूत दाबून बसवतात, अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा. काम झालं की लाकूड मांडणीवर परत जातं आणि लोखंड देशभर जातं. त्या लोखंडावर कंपनीचं नाव उठलेलं असतं. मूळ आकार ज्यानं कोरला, त्याचं नाव त्यावर नसतं.

त्या माणसाला सगळे मेस्त्री म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला. अर्थ गुरू, उस्ताद, हुन्नर जाणणारा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत दिवसभर तोंडी असणारे आणखी तीन शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरले: पगार, चावी आणि घमेलं. पोर्तुगीजमध्ये 'गामेला' म्हणजे लाकूड कोरून केलेलं पसरट भांडं. आपण ते लोखंडाचं केलं, नाव तेच राहू दिलं. शब्द इतके रुळले की ते परके होते हे सांगावं लागतं. त्याच गलबतांतून लाकूड कोरण्याची एक रीतही किनाऱ्याला लागली. ती इथल्या हातांनी उचलली, आपलीशी केली, आणि चार शतकांनंतर तिचे वंशज या औद्योगिक पट्ट्यातल्या वन बीएचके घरांत भिंतीवरच्या फळीवर उभे आहेत. त्यांचा हा मागोवा.

सुरुवात एका मूर्तीपासून करतो. पिंपरीत एका ओळखीच्या कॅथलिक घरी बैठकीच्या खोलीतल्या आल्तारावर, म्हणजे घरच्या वेदीवर, फूटभर उंचीचा लाकडी संत जोसेफ आहे. डाव्या हातावर बाळ येशू, उजव्या मुठीत काठी धरण्यासाठी पाडलेलं भोक. काठी कधीच हरवली. बाळाचा एक पंजा तुटलेला. मी मूर्ती हातात घेतली आणि उलटी करून पाहिली. पाठीकडची बाजू जवळजवळ सपाट होती आणि तिच्यावर गोल पटाशीचे उभे चर तसेच सोडलेले होते. तिथं हात थांबला होता, कारण पाठ भिंतीकडे असणार हे कोरणाऱ्याला ठाऊक होतं. झग्याच्या काठाशी रंगाचा टवका उडालेला. त्या नखाएवढ्या जागेत चार थर दिसले: वर तपकिरी रंग, खाली सोन्याची बारीक रेघ, तिच्याखाली तांबडी माती, मग पांढरा लेप. आणि सगळ्याच्या तळाशी लाकूड.

घरातल्या आंटी म्हणाल्या, "सासऱ्यांनी बांद्याहून येताना ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून आणलेला. कोणी केला ते नाही ठाऊक. गावच्या मेस्त्रीनं." मग जरा थांबून म्हणाल्या, "सणाच्या आधी ऑइल पेंट मारून घ्यावा म्हणते. फार जुना दिसतो."

हा लेख लिहावासा वाटला तो त्या वाक्यामुळे.

संत जोसेफ कोण होता? मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या गावचे लोक त्याला सुताराचा मुलगा म्हणून ओळखतात. हा सुतार म्हणजे जोसेफ. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो ऐकतो, उठतो, बायको-मुलाला घेऊन परदेशी जातो, परत येतो, काम करतो. बोलत मात्र कुठंच नाही. युरोपात कित्येक शतकं त्याला मूर्तींमध्ये फारसं मानाचं स्थान नव्हतं. सोळाव्या शतकात स्पेनच्या संत तेरेसा हिनं त्याची भक्ती वाढवली आणि पुढं घरोघरी तो बाळाला कडेवर घेऊन उभा राहिला. ८ डिसेंबर १८७० ला पोप नववे पायस यांनी त्याला साऱ्या ख्रिस्तसभेचा पालक ठरवलं. म्हणजे आंटींच्या फळीवरची ती मूर्ती ही एका सुतारानं कोरलेली सुताराची मूर्ती आहे. कोरणाराही मुका, कोरलेलाही मुका.

आता मागं जाऊ.

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कनं गोवा जिंकला. चर्च उभी राहू लागली तशी मूर्तींची गरज पडली. एक-एक मूर्ती लिस्बनहून आणायची तर अर्ध्या वर्षाचा समुद्रप्रवास, त्यात खारं पाणी आणि दमट हवा. इथं मात्र सागवान होतं, फणस होता, शिसव होता, आणि देवळांचे खांब, रथ, देव्हारे कोरणारे सुतार होते. रंग आणि लाखेचं काम जाणणारे चितारी होते. कुंकळ्ळीच्या चितारींचं लाखकाम आजही गोव्याची ओळख आहे. पाद्र्यांनी युरोपातून आलेली छापील चित्रं त्यांच्यापुढं ठेवली आणि काम सुरू झालं. ज्या हातांनी काल गणपती घडवला, तेच हात आज मारिया माता घडवू लागले.

हे धर्माधिकाऱ्यांना रुचणारं नव्हतं. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. तिनं ख्रिस्ती लोकांनी पूजेच्या वस्तू आणि मूर्ती अन्यधर्मी कारागिरांकडून करवून घेऊ नयेत अशी मनाई केली. हा नियम पुढं पुन्हा पुन्हा बजावावा लागला. नियम पुन्हा बजावावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता. काम जाणणारे हात तेच होते आणि काम थांबवता येत नव्हतं. हळूहळू त्यातली काही कुटुंबं ख्रिस्ती झाली. कोणी मनापासून, कोणी दबावाखाली, कोणी पोटापाण्यासाठी. नाव बदललं, पटाशी बदलली नाही. कॅथलिक कारागिराची आपल्याकडची परंपरा तिथून सुरू झाली. पोर्तुगीज त्याला 'सांतेइरो' म्हणत, संत घडवणारा. गावकरी म्हणत मेस्त.

या मनाईच्या चारच वर्षं आधी, डिसेंबर १५६३ मध्ये, युरोपात त्रेंतच्या धर्मसभेनं मूर्तींबद्दलचा निर्णय दिला होता. मूर्तीला दिलेला मान लाकडाला पोचत नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतो, असं त्यात स्पष्ट केलं होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. पंढरीच्या वाटेवरचा वारकरीही दगडाला नमस्कार करत नाही. पण या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की लाकूड, हत्यार आणि हात हे सगळेच नजरेआड गेले. भक्ताची नजर मूर्तीतून पार संतापर्यंत जावी हे खरं. त्या वाटेत कारागीर मात्र कोणाला दिसेनासा झाला.

त्याची खूण मात्र मूर्तीतच राहिली. सतराव्या शतकातली गोव्याची 'उत्तम मेंढपाळ' ही हस्तिदंती मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आहे. लाकूड आणि हस्तिदंत या दोन्ही कामांची परंपरा तिथं एकमेकांना लागून होती. कित्येक मूर्तींचं अंग लाकडाचं आणि चेहरा-हात हस्तिदंताचे असत. हा मेंढपाळ म्हणजे बालयेशू. तो एका डोंगराच्या टोकावर बसलाय, एक मेंढरू खांद्यावर, एक मांडीवर, गाल हाताला टेकलेला, डोळे मिटलेले. खाली झरा, त्याखाली पाणी पिणाऱ्या मेंढ्या आणि अगदी तळाच्या गुहेत पुस्तक वाचत पहुडलेली मारिया माग्दालेना. युरोपातला मेंढपाळ उभा असतो, जागा असतो, चालत असतो. हा बसलेला आहे, ध्यानात आहे. अभ्यासकांना त्यात बुद्ध दिसतो, आणि ते उगाच नाही. डोळे मिटून बसलेल्या देवाची सवय या हातांना आधीपासून होती.

गोव्याच्या जुन्या चर्चमधली लाकडी प्रवचनपीठं पाहा. काहींच्या खालच्या भागाला आधार देणाऱ्या आकृती कमरेच्या खाली वेटोळी होतात, नागिणीसारख्या. देवदूतांचे गाल आपल्याकडच्या बाळकृष्णासारखे भरलेले. झग्याच्या निऱ्या धोतरासारख्या एकसारख्या पडलेल्या. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकाचं काम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. तिची मुख्य वेदी म्हणजे छतापर्यंत चढलेलं सोनेरी लाकडी कोरीवकाम आहे. खाली छोटा बाळ येशू, त्याच्यावर संत इग्नेशियस लोयोला वर पाहत उभा, आणि सर्वांत वर त्रैक्य. वेदीजवळच्या पिळाच्या खांबांकडं पाहताना मला नेहमी आपल्या वाड्यांतले सुरूदार खांब, महिरपी आणि त्यांतली केळफुलं आठवतात. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव दर्शनी भाग त्याहून दोन शतकांनी नवा, पण भाषा ओळखीची आहे: लाकडाला वेलबुट्टी बोलायला लावणारी.

त्याच काळात दुसरी एक घडण चालली होती. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर इथं छापलं गेलं. स्टीफन्सनी मराठीचं जे केलं तेच सुतारांनी सागवानाचं केलं. परक्या कथेला इथलं अंग दिलं. फरक एवढाच की स्टीफन्सचं नाव आपल्याला माहीत आहे.

मूर्ती घडायची कशी? लाकूड आधी वर्षानुवर्षं सावलीत वाळवायचं. ओल्या लाकडातली मूर्ती चेहऱ्यावरूनच तडकते. मोठी मूर्ती असेल तर पाठ आतून कोरून पोकळ करायची, म्हणजे गाभा ताण घेत नाही, चीर जात नाही, आणि मिरवणुकीत वजनही कमी होतं. वाकसानं ठोकळा तासून अंगाचा बाक काढायचा, मग पटाशीनं घड्या. चेहरा शेवटी. पुढं आलेले हात वेगळे कोरून कुसू काढून बसवायचे. काही मूर्तींना नुसता चेहरा आणि हात असत. बाकी लाकडी सांगाडा, त्यावर खरे कपडे चढवत. गुड फ्रायडेला क्रूसावरून उतरवून पालखीत ठेवायच्या ख्रिस्ताचे खांदे सांध्यांचे असत, म्हणजे हात खाली मिटवता येत.

कोरून झालं की काम निम्मंच झालेलं असे. लाकडावर सरस आणि खडूच्या भुकटीचे थरावर थर द्यायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. त्यावर तांबडी चिकणमाती. तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवून अकीकाच्या दगडानं घोटायचा. खालच्या तांबड्या मातीमुळं सोन्याला ऊब येते. मग त्या सोन्यावर रंग, आणि टोकदार काडीनं तो खरवडून फुलं, वेली, ठिपके काढायचे. जिथं रंग निघतो तिथं खालचं सोनं डोकावतं. जरीचा पदर लाकडावर उमटतो तो असा. आंटींच्या जोसेफच्या काठाला नखाएवढ्या टवक्यात मी जे चार थर पाहिले, ते या सगळ्या रीतीचं शेपूट आहे. बांद्याच्या कोण्या मेस्त्रीपर्यंत ती पोचली होती.

उत्तरेकडं, आपल्या वसईत, गोष्ट वेगळी घडली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडं गेली, चर्च उभी राहिली, त्यांत अशाच वेद्या उभ्या राहिल्या. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात भीमाशंकरला अशी एक घंटा आजही टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. धातू टिकला, त्याला नवं देऊळ मिळालं, त्याचा नाद आजही आपल्या कानांवर पडतो. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, कोरलेले दगड आहेत. वेद्यांचं लाकूड तिथं नाही. छप्पर गेलं की लाकूड पावसाचं, वाळवीचं आणि चुलीचं असतं.

जे वाचलं ते माणसांनी उचलून नेलं म्हणून. वांद्र्याच्या डोंगरावरची मारिया माता, कोळ्यांची मोत माऊली, ही लाकडाची. सोळाव्या शतकात जेझुइटांनी ती आणली, असं परंपरा सांगते. १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी सोन्याच्या आशेनं तिचा उजवा हात तोडला. पुढं चर्च पडलं, पुन्हा बांधलं, आणि आजची वास्तू १९०४ ची. मधल्या काळात मूर्ती हलवली गेली, दुरुस्त झाली, परत आली. तोडलेल्या हाताची दुरुस्ती कोणी केली? एखाद्या सुतारानं. लाकडाचं हे मोठेपण आहे: त्याला जोड देता येते. प्लॅस्टरचा हात तुटला तर मूर्ती टाकतात; लाकडाचा तुटला तर मेस्त्रीला बोलावतात.

गोव्यातही उचलून नेण्याची वेळ आली. १८३४ मध्ये पोर्तुगालनं धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ बंद झाले. जुन्या गोव्यातली ऑगस्टिनियन संघाची प्रचंड वास्तू ओस पडली आणि १८४२ मध्ये तिची कमान कोसळली. त्या मठांतल्या मूर्ती, वेद्यांचे तुकडे, क्रूस गावोगावच्या चर्चमध्ये, कपेलांमध्ये (छोट्या प्रार्थनागृहांत) आणि घरांत विखुरले. यात नुकसान झालं, पण एक गोष्ट घडली: जे मठात होतं ते गावच्या सुताराच्या डोळ्यांसमोर आलं. वेदीचा खांब बसवताना त्यानं तो पाहिला, तुटलेलं बोट लावताना मोजला, आणि नवं काम मागितलं गेलं तेव्हा त्याच्या हातात तो नमुना होता. सावंतवाडी-बांद्याच्या पट्ट्यात तर दोन्ही रिती एकाच बाजारपेठेत भेटत होत्या. एकीकडं सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या लाकडाची फळं आणि खेळणी रंगवत, दुसरीकडं ख्रिस्ती मेस्त क्रूस आणि संत कोरत.

ही संपदा पुढं जपायची म्हणून १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत ख्रिस्ती कला संग्रहालय सुरू झालं. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात हललं. 'क्रिस्तपुराण' जिथं छापलं गेलं तिथंच या मूर्तींना पहिलं छप्पर मिळालं, हा योग मला मोलाचा वाटतो.

गावच्या घरातून मूर्ती पिंपरीला कशी आली? पगाराच्या मागं. एकोणिसाव्या शतकापासून गोवा आणि तळकोकणचे कॅथलिक तरुण मुंबईला जाऊ लागले. बोटीवर, बँडमध्ये, स्वयंपाकघरात, सुतारकामात. धोबीतलावच्या परिसरात त्यांच्या गावांच्या कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक राहण्याच्या जागा होत्या. एक ट्रंक, एक चटई, आणि भिंतीशी गावच्या संताचं आल्तार. रात्री सगळे मिळून जपमाळ म्हणत. पुण्याचं नातं त्याहून जुनं. १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी नाना पेठेत चर्चला जागा दिली. ते आजचं सिटी चर्च. इंग्रजांच्या काळात कॅम्प आणि खडकीला लष्करामागून वस्ती वाढली.

मग १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं आणि माळरानाचं नशीब पालटलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ टेल्को, आकुर्डीचा बजाज, भोसरीचे शेकडो लघुउद्योग, आणि १९९९ मध्ये चाकणचा बजाज. कामगार साऱ्या दिशांनी आले. कॅथलिकांतही गोवा-सिंधुदुर्गचे, वसईचे, मंगळूरचे, केरळचे, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती, जे आजही सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीला जातात. प्रत्येकानं आपला संत बरोबर आणला. केरळच्या घरात फणसाच्या लाकडाचा क्रूस, वसईच्या घरात आजीचा काचेच्या पेटीतला अँथनी, कोणाकडं पवित्र भूमीच्या यात्रेतून आणलेला बेथलेहेमचा ऑलिव्हच्या लाकडाचा गोठा. तोही तिथल्या ख्रिस्ती कारागिरांनीच कोरलेला, फ्रान्सिस्कन संघाच्या मदतीनं वाढलेल्या परंपरेतला.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून पेनिसिलीन बाहेर पडू लागलं ते १९५५ मध्ये. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी १ मे हा 'कामगार संत जोसेफ' यांचा सण म्हणून जाहीर केला. तोवर फुललेली काठी आणि बाळ घेऊन उभा असलेल्या जोसेफच्या हाती आता गुण्या, करवत, हातोडा अधिक दिसू लागला. कामगार दिन, पुढं महाराष्ट्र दिन, आणि जोसेफचा सण एकाच तारखेला आले. कामगारांच्या या शहराला याहून जवळचा संत कोणता असेल?

पण त्याच काळात लाकडाची पीछेहाट सुरू झाली होती. युरोपातून प्लॅस्टरच्या रंगीत मूर्ती एकोणिसाव्या शतकातच येऊ लागल्या होत्या. स्वस्त, गुळगुळीत, एका साच्यातून शेकडो. मग मुंबईत तसे कारखाने निघाले, पुढं फायबर आलं. ४ डिसेंबर १९६३ ला, त्रेंतची धर्मसभा संपल्याला बरोबर चारशे वर्षं झाली त्या दिवशी, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं उपासनेच्या सुधारणेचा दस्तऐवज मंजूर केला. त्यातून मिस्सा मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडं तोंड करून उभे राहिले. ही मोठी आणि चांगली गोष्ट झाली. पण वेदी पुढं सरकली आणि ठिकठिकाणी तिच्यामागचा कोरीव लाकडी पडदा अडगळ ठरला. काही निघाले, काही विकले गेले, काहींवर पांढरा रंग चढला.

ख्रिस्ती मूर्तीला भारतीय रूप द्यावं का, हा वादही याच पुण्यात झडला. गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी आयुष्याचा मोठा काळ पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात काढला. त्यांच्या मारियेला साडी होती, रंग सावळा होता. स्वधर्मीयांनीच त्यांच्यावर टीका केली. १९६७ मध्ये ते पुण्यातच वारले. आज ते थोर मानले जातात आणि ते योग्यच आहे. पण ज्या गोष्टीसाठी फोन्सेकांना बोल लागले, ती गोष्ट लाकडाच्या मेस्त्रींनी तीन शतकं आधी, न बोलता करून ठेवली होती. ध्यानस्थ मेंढपाळ, नागिणींवर उभं प्रवचनपीठ, बाळकृष्णासारखे देवदूत. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त हाताला येतं तसं कोरलं.

आता भोसरी-चाकणमध्ये लाकूड कोरणारं यंत्र आलंय. कॉम्प्युटरला फाइल दिली की राउटर रात्रभर फिरतो आणि सकाळी 'शेवटचं भोजन' सागवानाच्या फळीवर तयार. मी या यंत्राला नावं ठेवणार नाही. इटलीच्या उत्तरेकडं व्हाल गार्देना नावाचं खोरं आहे, सतराव्या शतकापासून तिथली कॅथलिक कुटुंबं लाकडी संत कोरून जगभर पाठवतात. तिथंही पहिलं तासकाम यंत्र करतं आणि चेहरा हात करतो. खरा प्रश्न यंत्राचा नाही. एकच फाइल हजार वेळा कोरली जाते तेव्हा प्रत्येक जोसेफचा चेहरा तोच असतो. बांद्याच्या मेस्त्रीनं कोरलेल्या जोसेफचं नाक जरा बसकं आहे, भुवया जवळ आहेत. तो त्याच्या गावातल्या कोणासारखा तरी दिसतो. बहुतेक बापासारखा, किंवा गुरूसारखा.

आणि हुन्नर अजून मेलेला नाही. पॅटर्न शॉपमधला मेस्त्री आजही लाकडाची जात नखानं ओळखतो, गोल पटाशीनं आतली वळणं काढतो, कडा मोडणार नाहीत अशा तासतो. ॲल्युमिनियम, रेझिन आणि थ्रीडी प्रिंटिंग त्याचंही काम कमी करत चाललंय. एखाद्या चर्चला नवा क्रूस हवा असेल, बाळ येशूचा तुटलेला पंजा बसवायचा असेल, तर फायबरच्या कॅटलॉगआधी या माणसाकडं जावं. त्याचा धर्म कोणताही असो. १५६७ ची मनाई तेव्हाही टिकली नाही, आता तिची काहीच गरज नाही.

मी आंटींना रंग देऊ नका म्हटलं. का, ते टवका दाखवून समजावलं. त्यांनी चष्मा लावून ती सोन्याची रेघ पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मूर्ती पुसून परत फळीवर ठेवली.

वाचकांनो, तुमच्या घरात, तुमच्या चर्चच्या सामानखोलीत, गावाकडच्या माळ्यावर अशी लाकडी मूर्ती असेल तर तिला ऑइल पेंट लावू नका. ओल्या फडक्यानं घासू नका, कोरड्या मऊ कुंच्यानं धूळ काढा. वाळवी दिसली तर जाणकाराला दाखवा. समोरून आणि पाठीमागून फोटो काढा, कारण कारागिराची सही पाठीवरच्या पटाशीच्या चरांत असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा: कुठून आली, कधी आली, कोणी केली. आणि एक कागद लिहून मूर्तीच्या बैठकीखाली ठेवा. गाव लिहा, साल लिहा, नाव मिळालं तर नाव लिहा. नाव मिळालं नाही, तर निदान एवढं तरी लिहा: गावच्या मेस्त्रीनं कोरली.